सोन्याच्या नॅनोक्लस्टरच्या स्थिर रचना मशीन लर्निंगने शोधताना : प्रकल्प नोंदी

हेच काम करायला बसणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. न्यूरल नेटवर्क म्हणजे काय, डीएफटी म्हणजे काय, हे इथे नाही. कुठे अडलं, कशामुळे अडलं आणि काय केल्यावर सुटलं, एवढंच आहे.

८ जानेवारी

काम असं: सोन्याचे ठरावीक अणू घेतले तर ते कसे रचले म्हणजे ऊर्जा सर्वांत कमी होते, ते शोधायचं. आकार ६ ते २५ अणू, आणि जमलं तर ५५. अणू वाढतात तशी शक्य रचनांची संख्या घातांकी वेगाने वाढते. लेनार्ड-जोन्ससारख्या साध्या पोटेन्शियलमध्ये (अणूंमधल्या अंतरांवरून ऊर्जा सांगणाऱ्या सूत्रात) १३ अणूंनासुद्धा दीड हजाराच्या आसपास स्थानिक मिनिमा, म्हणजे आजूबाजूपेक्षा कमी ऊर्जेच्या रचना, आहेत. प्रत्येक पावलाला डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं गणित करून ऊर्जा काढणारी पद्धत, चालवणं परवडणारं नाही. सोन्याच्या एका अणूमागे ११ व्हॅलन्स इलेक्ट्रॉन धरले तर २० अणूंना २२० होतात, आणि डीएफटीचा खर्च ढोबळमानाने इलेक्ट्रॉनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात चढतो. म्हणून थोड्या रचनांची ऊर्जा आणि फोर्स (अणूंवरची बलं) डीएफटीने काढायचे, त्यावर मॉडेल शिकवायचं, आणि शोध मॉडेलवर चालवायचा.

सोनं निवडलं कारण पडताळा घ्यायला जागा आहेत. ६ अणूंचं सोनं सपाट त्रिकोण होतं, २० अणूंचं चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड म्हणजे टेट्राहेड्रॉन होतं, आणि ५५ अणूंचं अव्यवस्थित राहतं. एकाच धातूचे हे तीन स्वभाव ज्या मॉडेलला सांभाळता येतील, त्याच्या बाकीच्या आकारांच्या उत्तरांकडे गांभीर्याने बघता येईल. ही तिन्ही उत्तरं ट्रेनिंग डेटात हाताने घालायची नाहीत, हे आजच ठरवून टाकलं.

१५ जानेवारी

मॉडेल हाताशी येण्याआधी शोधाचा कोड तपासून घेतला. त्यासाठी ३८ अणूंच्या लेनार्ड-जोन्स क्लस्टरसारखी दुसरी चाचणी नाही. सर्वांत कमी ऊर्जेचं माहीत असलेलं उत्तर (लेनार्ड-जोन्सच्या एककांत) −१७३.९२८४२७, कोपरे छाटलेला ऑक्टाहेड्रॉन (आठ बाजूंचा आकार). त्याच्या लगेच वर, −१७३.२५२३७८ ला, आयकोसाहेड्रॉनच्या (वीस त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) घराण्यातली रचना बसली आहे, आणि तिच्याकडे नेणारी दरी कितीतरी रुंद आहे. दोन ऊर्जांमधला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वेल्स आणि डोय यांनी १९९७ मध्ये मांडलेलं बेसिन हॉपिंग (रचना हलवायची, जवळच्या मिनिममवर उतरवायची, पुन्हा हलवायची) जसंच्या तसं लिहिलं, तर बहुतेक रन त्या रुंद दरीत जाऊन बसले.

दोन बदलांनी फरक पडला. पहिला: सगळे अणू थोडेथोडे हलवण्याबरोबरच, सर्वांत सैल बसलेला अणू उचलून पृष्ठभागावर दुसरीकडे ठेवण्याची चाल घातली. दुसरा: एक लांब रन लावण्याऐवजी बरेच आखूड रन वेगवेगळ्या सुरुवातींनी लावले. एकदा दरीत अडकलेला रन कितीही ताणला तरी क्वचितच बाहेर येतो. डिव्हन आणि हो यांची १९९५ ची कापून जोडायची पद्धतही जेनेटिक अल्गोरिदममध्ये घातली: दोन रचना मधून कापायच्या आणि एकीचा वरचा भाग दुसरीच्या खालच्या भागाला लावायचा. पुढे ५५ अणूंना हीच कामी येणार.

अणू उडून जाणं हा प्रश्नही इथेच भेटला. मोठं पाऊल टाकलं की एखादा अणू इतका लांब फेकला जातो की बाकीच्यांची ओढच त्याला जाणवत नाही, आणि मिनिमायझेशन त्याला तिथेच सोडून देतं. क्लस्टरभोवती गोलाकार सीमा घालून बाहेर गेलेल्याला आत ओढायची सोय केली. ती पुढे कायम ठेवली आहे.

२४ जानेवारी

डीएफटीची सेटिंग ठरवली. पीबीई फंक्शनल (फंक्शनल म्हणजे डीएफटीत इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी वापरायचं अंदाजी सूत्र), फक्त गॅमा पॉइंट, बॉक्समध्ये क्लस्टर आणि त्याच्या शेजारच्या प्रतिमेत किमान १२ अँगस्ट्रॉम मोकळी जागा, स्मिअरिंग (इलेक्ट्रॉनांची भरण पातळ्यांवर थोडी पसरवणं) ०.०५ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). अणूंची संख्या विषम असेल तर एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहतो, तेव्हा स्पिन चालू हवाच.

पीबीई सोन्याच्या सपाट रचनांना झुकतं माप देतं, हे माहीत असूनच घेतलं. ऋणभारित सोनं १२ अणूंच्या आसपास सपाटपणा सोडून त्रिमितीय होतं असं प्रयोग सांगतात. पीबीई त्याला त्यानंतरही सपाट धरून ठेवतं. तरी हजारो गणितं करायची तर वेग हवा. शेवटच्या मोजक्या रचनांना वरच्या दर्जाचं फंक्शनल लावायचं.

५ फेब्रुवारी

सुरुवातीचा डेटा गुप्ता पोटेन्शियलने, म्हणजे धातूंसाठीच्या एका साध्या सूत्राने, तयार केला. ते चालवायला जवळपास काहीच खर्च नाही. ८ ते २५ अणूंचे शोध लावले, मिळालेल्या मिनिमांना आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या रचनांना डीएफटीची एकेक सिंगल पॉइंट (अणू न हलवता केलेलं एकच गणित) लावली. जुन्या कामातल्या काही शे रचना हाताशी होत्या, त्याही यात मिसळल्या. सगळ्या मिळून दोन हजारांच्या आसपास. २० अणूंच्या एका रचनेला १६ कोअरवर साधारण अर्धा तास जातो. या टप्प्यावर सर्वाधिक वेळ इथेच गेला.

मॉडेल बेलर आणि पारिनेल्लो यांच्या २००७ च्या धर्तीचं: प्रत्येक अणूचा शेजार सिमेट्री फंक्शनने (शेजाऱ्यांची अंतरं आणि कोन यांवरून काढलेल्या आकड्यांनी) मांडायचा, नेटवर्कने त्यावरून त्या अणूच्या वाट्याची ऊर्जा सांगायची, आणि सगळ्यांची बेरीज करायची. कटऑफ, म्हणजे किती अंतरापर्यंतचे शेजारी धरायचे, ६.५ अँगस्ट्रॉम. घन सोन्यात शेजारी अणूंतलं अंतर २.८८ अँगस्ट्रॉम असतं, तेव्हा एवढ्या कटऑफमध्ये दुसरा आणि तिसरा शेजारही नीट येतो.

त्याआधी स्फटिकांवर शिकवलेलं एक तयार सार्वत्रिक मॉडेल वापरून पाहिलं होतं. घन सोन्याला ठीक, पण लहान क्लस्टरमध्ये ज्या अणूंना तीनचारच शेजारी असतात त्यांच्या बाबतीत ते फारच मऊ निघालं. कंपनांच्या वारंवारता खूप कमी येत होत्या. बाजूला ठेवलं.

११ फेब्रुवारी

ट्रेनिंग एका जागी येऊन अडलं. अणूमागे २० मिलि-ईव्हीच्या खाली एरर उतरेना. नेटवर्क मोठं केलं, सिमेट्री फंक्शन वाढवले, शिकण्याचा वेग बदलला, सगळा आठवडा त्यात गेला.

उत्तर आलेखात होतं. आडव्या अक्षावर डीएफटीची ऊर्जा, उभ्या अक्षावर मॉडेलची. दुरून पाहिलं तर एक जाड पट्टा दिसतो. अक्षांची मर्यादा आवळून फक्त १८ ते २० अणूंच्या रचना ठेवल्या तेव्हा त्या पट्ट्याचे दोन पट्टे झाले, एकमेकांना समांतर, मधे सारखंच अंतर. रचनेचा आकार कोणताही असो, अंतर अणूमागे तेवढंच. म्हणजे हा रचनेतला फरक नव्हता. बिंदूंना फाईलच्या नावाप्रमाणे रंग दिले तेव्हा वरचा पट्टा सगळा जुन्या कामाचा निघाला: तिथे प्लेन वेव्हची ऊर्जा-मर्यादा वेगळी होती. जुन्या रचना नव्या सेटिंगने पुन्हा गणून घेतल्या आणि पट्टा एक झाला.

तेव्हापासून प्रत्येक रचनेबरोबर सेटिंगची नोंद डेटाबेसमध्येच जाते, आणि ट्रेनिंगच्या आधी सगळ्या नोंदी सारख्या आहेत का ते स्क्रिप्ट तपासते. दोन ठिकाणचा डेटा एकत्र करणाऱ्या कुणालाही हे आधी करायला सांगेन.

१४ फेब्रुवारी

एरर उतरला, पण ऊर्जा आणि फोर्स एकमेकांशी पटत नाहीत असं वाटत राहिलं. फोर्सचं वजन वाढवलं की ऊर्जा बिघडे, ऊर्जेचं वाढवलं की फोर्स. एक रचना घेतली, एक अणू ०.०१ अँगस्ट्रॉम सरकवला, ऊर्जेतला फरक मोजला आणि छापलेल्या फोर्सशी ताडून पाहिला. जुळला नाही.

कारण स्मिअरिंग. स्मिअरिंग असताना दोन ऊर्जा छापल्या जातात: एक फ्री एनर्जी, दुसरी शून्य स्मिअरिंगकडे ओढलेली. फोर्स हे फ्री एनर्जीचे उतार असतात. एएसई या पायथन लायब्ररीमधून नेहमीसारखी ऊर्जा मागितली तर दुसरी मिळते. फोर्सशी जुळणारी हवी असेल तर 'फोर्स कन्सिस्टंट' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. सोन्याच्या ज्या रचनांत भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर नगण्य आहे, तिथेच हा फरक मोठा, आणि वेड्यावाकड्या रचना बहुतेक तशाच असतात. सगळ्या फाइली पुन्हा वाचून फ्री एनर्जी घेतली. नवी गणितं करावी लागली नाहीत, एवढं बरं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट साफ झाली. काही रचनांचं इलेक्ट्रॉनिक गणित ठरलेल्या ६० फेऱ्यांत स्थिरावलंच नव्हतं. स्क्रिप्ट फाईलची शेवटची ओळ वाचत असल्यामुळे ते अर्धवट आकडेही डेटात येऊन बसले होते. आता स्थिरावल्याची खूण नसेल तर रचना आपोआप बाहेर पडते. अशा रचना शे-दीडशेच होत्या, पण टेस्टमधले सर्वांत मोठे एरर सगळे त्यांच्याच नावावर होते.

२० फेब्रुवारी

अणूमागे ६ मिलि-ईव्ही. आनंदाने शोध लावला आणि सकाळी सर्वांत कमी ऊर्जेची रचना उघडली तर दोन अणू एकमेकांपासून १.४ अँगस्ट्रॉमवर. सोन्याच्या दोन अणूंच्या रेणूतला बंधसुद्धा २.४७ अँगस्ट्रॉमचा असतो. मॉडेलच्या मते मात्र ही जगातली सर्वांत स्थिर रचना.

डेटात इतके जवळ आलेले अणू कधी आलेच नव्हते. तिथे ऊर्जा वर जाते हे मॉडेलला कुणी सांगितलेलं नव्हतं. टेस्ट सेटमध्येही तशा रचना नव्हत्या, म्हणून एररमध्ये हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बांधाला फट असेल तर पाणी तीच शोधून काढतं, तसा शोध मॉडेलमधली फट शोधून काढतो. कमीत कमी ऊर्जा शोधणं हे त्याचं कामच आहे, आणि मॉडेल जिथे चुकून खाली गेलेलं आहे ती जागा त्याच्या दृष्टीने उत्तमच. साध्या मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये जे मॉडेल महिनोन्महिने चांगलं चालेल, ते ग्लोबल शोधात तासाभरात उघडं पडू शकतं.

२७ फेब्रुवारी

फट बुजवायला तीन गोष्टी केल्या.

झेडबीएल प्रकारचं लघुअंतर प्रतिकर्षण (अणू फार जवळ आले की त्यांना दूर ढकलणारं तयार सूत्र) आधीच वेगळं जोडलं. नेटवर्क आता त्याच्या वरचा फरक शिकतं. म्हणजे डेटा नसला तरी दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत.

२.२ अँगस्ट्रॉमच्या आत दोन अणू आले तर ती रचना शोधातून बाद, पण फेकून न देता डीएफटीला पाठवायची. तिथूनच मॉडेल शिकेल.

तिसरी गोष्ट उलट टोकाची. एकटा अणू कटऑफच्या बाहेर पडला की त्याचे सगळे सिमेट्री फंक्शन शून्य होतात आणि नेटवर्क काहीतरी स्थिर आकडा देऊन मोकळं होतं. तो आकडा खऱ्या एकट्या अणूच्या ऊर्जेपेक्षा खाली असेल तर शोधाला अणू उडवून देण्यातच फायदा वाटतो. म्हणून एकटा अणू डेटात घातला. सीमेतून ओढून आणण्यापेक्षा हा उपाय मुळाशी जाणारा. दोन अणूंचा रेणू ताणत नेऊनही बिंदू घेतले, पण ४ अँगस्ट्रॉमच्या पुढे गेले नाही. रेणू तुटायला लागला की स्पिन बंद ठेवलेलं गणित चुकीच्या ऊर्जेकडे जातं, आणि चुकीचा आकडा शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा.

६ मार्च

सोनं-६. मॉडेलने सांगितली ती रचना गोळीबंद, त्रिमितीय. डीएफटीने सपाट त्रिकोण, तीन कोपऱ्यांवर तीन अणू आणि तीन बाजूंच्या मध्यावर तीन, कितीतरी खाली.

हे अपेक्षित होतं, कारण गुप्ता पोटेन्शियलला सपाटपणा कळत नाही आणि डेटा त्याच्याच शोधातून आलेला. अपेक्षित नव्हतं ते दुसरंच. अनिश्चितता मोजायला वेगवेगळ्या सुरुवातीपासून शिकवलेल्या पाच मॉडेलांची समिती ठेवली आहे. ज्या रचनेबद्दल पाचांचं जमत नाही, ती डीएफटीला पाठवायची, असा नियम. सपाट त्रिकोणाबद्दल पाचांचंही एकमत होतं, आणि पाचही सारखीच चुकीची. सगळ्यांनी एकाच डेटावरून 'शेजारी कमी म्हणजे ऊर्जा जास्त' एवढंच उचललेलं. मतभेद नाही याचा अर्थ उत्तर बरोबर, असं धरून चाललं तर असा संपूर्ण प्रदेश नजरेआड राहतो. समितीची ही मर्यादा मला या कामातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

म्हणून रचनांची विविधता मॉडेलवर न सोडता बाहेरून आणली. त्रिकोणी जाळीच्या एका थरातून ४ ते १४ अणूंचे निरनिराळे तुकडे कापले, अणू थोडे वरखाली हलवले, काहींना मधून वाकवलं, काहींवर दुसऱ्या थराचे दोनतीन अणू ठेवले. पूर्ण त्रिकोण मात्र त्यात घेतला नाही. सपाट आणि गोळीबंद यांच्या मधल्या या अर्धवट रचना सर्वांत उपयोगी ठरल्या, कारण शोध एका प्रकारातून दुसऱ्यात जातो तो याच वाटेने.

सोनं सपाट का राहतं याचं कारण सापेक्षतावादी परिणामांत आहे: ६एस कक्षा आत ओढली जाते, ५डी तिच्या जवळ येते आणि दोन्ही मिसळतात. चांदी आणि तांबं याहून बऱ्याच लहान आकाराला त्रिमितीय होतात. त्यामुळे चांदीसाठी हाच प्रकल्प करणाऱ्याला हा टप्पा एवढा भारी पडणार नाही.

१७ मार्च

त्रिकोण आता आपोआप सापडतो. ७ अणूंची सपाट रचनाही.

टेस्टमधला एरर मात्र संशयास्पद कमी येत होता, अणूमागे २ मिलि-ईव्ही. एकाच रिलॅक्सेशनच्या (अणू हळूहळू सरकवत रचना मिनिममवर आणण्याच्या) लागोपाठच्या रचना जवळजवळ जुळ्या असतात. सगळ्या रचना पिसून ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटल्या की एक जुळी इकडे, एक तिकडे जाते. आता वाटणी अख्ख्या रिलॅक्सेशनप्रमाणे करते: सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला. एरर ५ वर गेला, आणि तो खरा आहे.

३ एप्रिल

चक्र नीट चालू लागलं आहे: मॉडेलवर शोध, मिळालेल्यांतून निवड, डीएफटी, पुन्हा ट्रेनिंग. एका फेरीला साधारण दोन दिवस, त्यातला बहुतेक वेळ डीएफटीच्या रांगेत.

निवडीत वाया जाणारा खर्च दुबार रचनांचा होता. मॉडेलवर रिलॅक्स करताना फोर्सची मर्यादा ०.०५ ठेवली होती, डीएफटीच्या सवयीने. तेवढ्या सैल मर्यादेत एकाच मिनिममवर आलेल्या दोन रचनांची ऊर्जा काही मिलि-ईव्हीने वेगळी राहते आणि गाळणी त्यांना दोन धरते. मॉडेलवर पावलं जवळजवळ फुकट आहेत, तेव्हा मर्यादा ०.००५ केली. मग सगळ्या अणुजोड्यांमधली अंतरं लहानमोठ्या क्रमाने लावून ताडून पाहते. आरशातली प्रतिमा यात एकच धरली जाते, आणि तेच हवं, कारण दोघींची ऊर्जा एकच. डीएफटीकडे जाणाऱ्या रचना यामुळे निम्म्याच्याही खाली आल्या.

१६ एप्रिल

सोनं-२० सापडलं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ते सहज आलं नाही.

टेट्राहेड्रॉनमध्ये २० च्या २० अणू पृष्ठभागावर असतात: ४ टोकांवर, १२ कडांवर, ४ बाजूंच्या मध्यभागी. टोकाच्या अणूला फक्त ३ शेजारी, कडेच्याला ६, मधल्याला ९. २००३ मध्ये फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीतून (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून पातळ्या मोजण्याच्या पद्धतीतून) हा आकार पुढे आला तेव्हा भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर १.७७ ईव्ही मिळालं होतं, सी-६० या ६० कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूपेक्षाही जास्त. अणूमागे एक असे २० व्हॅलन्स एस-इलेक्ट्रॉन हा जेलियम मॉडेलमधलाही (क्लस्टरला एकसंध धनभारित गोळा मानणाऱ्या मॉडेलमधलाही) भरलेला आकडा, सोडियमच्या क्लस्टरमध्ये १९८४ ला ८, २०, ४० असे दिसलेले त्यांतला.

माझे शोध मात्र गोळीबंद, बेढब रचनांवर थांबत होते. टेट्राहेड्रॉन बाजूला तयार करून मॉडेलला फक्त ऊर्जा विचारली, शिकवलं नाही. डीएफटीपेक्षा ०.६ ईव्हीने वर. अणुवार वाटणी पाहिली तेव्हा जवळजवळ सगळा जादा भार चार टोकांच्या अणूंवर होता. डेटात तीन शेजारी असलेला अणू म्हणजे गोळ्याच्या पृष्ठभागावर एकटा चिकटलेला अणू, आणि तो महागच असतो. त्याच्याखाली पिरॅमिडची सरळ बाजू आहे की वाकडातिकडा पृष्ठभाग, हा फरक मॉडेलला शिकायला मिळाला नव्हता.

वाट शेजारच्या आकारांतून निघाली. प्रत्येक आकाराचे शोध स्वतंत्र न ठेवता, १६ ते २४ पर्यंतच्या चांगल्या रचना एकमेकांना देऊ लागले: एक अणू काढून खालच्या आकाराला, एक जोडून वरच्याला. सोनं-१९ मध्ये एक टोक गळालेला पिरॅमिड आला. त्यात महागडी टोकं तीनच, म्हणून मॉडेलने त्याला फार वर ठेवलं नव्हतं. डीएफटीने तो मॉडेलच्या अंदाजाहून खाली आणला, पुढच्या ट्रेनिंगमध्ये टोकांची किंमत सुधारली, आणि त्यानंतरच्या फेरीत सोनं-२० च्या यादीत टेट्राहेड्रॉन सर्वांत वर होता. पीबीईने पातळ्यांमधलं अंतरही १.८ ईव्हीच्या आसपास दिलं.

रचना खिडकीत फिरवून पाहिली, चारी बाजू सरळ, कडेला चार-चार अणू. खूप वेळ बघत बसले.

२९ एप्रिल

उरलेल्या आकारांच्या याद्या. अणूमागे ५ मिलि-ईव्ही हा एरर ऐकायला लहान, पण २० अणूंना तो ०.१ ईव्ही होतो, आणि बऱ्याच आकारांत पहिल्या पाचसहा रचना तेवढ्यातच दाटलेल्या असतात. त्यामुळे मॉडेलने पहिली ठरवलेली एकच रचना उचलायची नाही. तळापासून ०.५ ईव्हीपर्यंतच्या सगळ्या वेगळ्या रचना डीएफटीवर पुन्हा रिलॅक्स करते. काही आकारांत मॉडेलच्या यादीतली सातवी-आठवी डीएफटीत पहिली आली.

ट्रेनिंगमध्ये खालच्या रचनांना जास्त वजन दिल्याने क्रम सुधारला, सरासरी एरर थोडा बिघडला. तो बिघाड चालेल. मात्र वरच्या रचनांचं वजन शून्याजवळ नेलं की २० फेब्रुवारीचा प्रकार पुन्हा डोकं वर काढतो. डोंगर कुठे आहेत हे मॉडेलला ठाऊक असावंच लागतं.

प्रत्येक अंतिम रचनेची कंपनं काढली. काल्पनिक वारंवारता आली तर त्या दिशेने रचना ढकलून पुन्हा रिलॅक्स. सममित रचनांमध्ये हे बऱ्याचदा लागतं, कारण रिलॅक्सेशन सममिती आपणहून मोडत नाही. तापमानाचाही विचार हवा. टेट्राहेड्रॉनचा सममिती अंक (फिरवून तसाच दिसण्याच्या स्थितींची संख्या) १२. ३०० केल्व्हिनला फिरण्याच्या एन्ट्रॉपीत तो एखाद्या असममित रचनेपेक्षा सुमारे ६४ मिलि-ईव्हीने मागे पडतो. सोनं-२० मध्ये पुढच्या रचनेशी अंतर मोठं असल्यामुळे बिघडत नाही. दाटीच्या याद्यांत एवढ्याने क्रम उलटतो.

२० मे

५५ अणू. २५ पर्यंतच्या डेटावर शिकलेलं मॉडेल तसंच लावलं, आणि ते चाललं नाही. लहान क्लस्टरमध्ये १२ शेजारी असलेला आतला अणू क्वचित भेटतो, आणि त्याच्याभोवती आणखी एक पूर्ण थर तर कधीच नाही. मॉडेलने आतला भाग पोकळ करून टाकला.

डीएफटीचा खर्च इथे खरा जाणवतो: ६०५ इलेक्ट्रॉन, २० अणूंच्या तुलनेत घनाच्या हिशेबाने २१ पट. म्हणून हजारो रचना शक्य नव्हत्या. ५५ चा आयकोसाहेड्रॉन, क्युबोक्टाहेड्रॉन आणि डेकाहेड्रॉनच्या तुकड्यांना तापवून त्यातून काही शे रचना घेतल्या, आणि ३० ते ४० अणूंच्या बऱ्याच जास्त. स्वस्त पडणाऱ्या मधल्या आकारांनीच आतल्या अणूंचा प्रश्न बराचसा सोडवला. महागडं ५५ त्यावर शेवटचा हात फिरवायला.

ताडून पाहायला चांदीचंही एक वेगळं मॉडेल त्याच पद्धतीने केलं. चांदी-५५ ला आयकोसाहेड्रॉन पटकन सापडला: मधे एक, भोवती १२, बाहेर ४२. सोनं-५५ मध्ये आयकोसाहेड्रॉनच्या खाली बेढब रचनांची गर्दी आली, कशालाही सममिती नाही. २००४ च्या फोटोइलेक्ट्रॉन मोजमापांत हेच दिसतं: चांदी आणि तांब्याच्या ऋणभारित ५५ च्या स्पेक्ट्रममध्ये पातळ्या मोजक्या ठिकाणी एकवटलेल्या, सोन्याच्या पसरलेल्या. त्या वर्णपटाशी ताडण्याइतपत रचना हाती आल्या, याचं मला मोठं समाधान आहे.

९ जून

सोनं-५५ च्या सर्वांत खालच्या दोन रचनांत पीबीईने फक्त ४० मिलि-ईव्हीचा फरक दाखवला. मेटा-जीजीए या वरच्या दर्जाच्या फंक्शनलने क्रम उलटला. एवढ्या अंतरात कुठली एक खाली आहे हे पीबीईवर शिकलेलं मॉडेल सांगू शकत नाही, आणि त्याच्या डेटात भर घालून ते बदलणार नाही. यादीत दोन्ही ठेवल्या आहेत, प्रत्येकीसमोर दोन्ही फंक्शनलची ऊर्जा लिहून.

आता पहिल्या वीसेक रचनांवर स्पिन-ऑर्बिट कपलिंगसह (इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची कक्षा यांचा परस्परपरिणाम धरून) सिंगल पॉइंट लावली आहेत. सगळा डेटा मिळून सात हजारांच्या आसपास रचना झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चक्रातून आलेल्या, गुप्ताच्या शोधातून आलेल्या नव्हेत. पुन्हा सुरुवात करायची वेळ आली तर गुप्ताच्या दोन हजारांऐवजी पाचशेच घेईन, सपाट तुकडे पहिल्याच दिवशी घालीन, आणि उरलेले कोअर-तास चक्राला देईन.